सोरेवाल्याचा दुसरा कागद

स्पिंक परत आला तेव्हा जॉब थर्टल गोठ्यात धार काढत होता. आधी गाडी ऐकू आली. तिचं डावं चाक कुईकुई करत होतं, आणि सात वर्षांपूर्वीही ते असंच करायचं. सात वर्षांत या माणसाने त्या चाकाला चरबीचं बोट लावलं नव्हतं. जॉबने गाईच्या पोटाला टेकवलेलं कपाळ उचललं नाही. तो नसेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. असूच शकत नाही. त्याला पार्लमेंटने बंद केलाय.

“कोण आहे घरात?” बाहेरून हाक आली. “पार्लमेंटच्या हुकमावरून!”

आवाज त्याचाच होता.

जॉब बाहेर आला. तोच उंच, वाकलेला माणूस, नाकाच्या शेंड्यावर तोच थेंब, गाडीवर तीच पिंपं आणि कुदळी. टोपीसुद्धा तीच. फक्त टोपीवरची राजाची लाल फीत जाऊन तिथे पार्लमेंटची नारिंगी आली होती.

“जॉब थर्टल! जिवंत आहेस की अजून.”

“तू मेला नाहीस ते दिसतंच आहे.”

“मरायला फुरसत कुठे आहे? राजाशी लढाई चालू आहे. दोन वर्षं झाली, दारू पुरत नाही.” स्पिंकने खिशातून कागद काढून झटकला. “दारू म्हणजे बंदुकीची. तिला सोरा लागतो आणि सोरा तुझ्या गोठ्यात आहे. हे तुला परत सांगायला नकोच.”

नकोच होतं. गुरांच्या मुताने वर्षानुवर्षं भिजलेल्या मातीत सोरा धरतो. ती माती खणायची, राखेबरोबर भिजवायची, ते पाणी उकळून आटवायचं. हे सगळं थॉर्नहो गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कारण राजाच्या वेळी स्पिंक राजाचा शिक्का असलेला कागद घेऊन आला होता आणि त्याने गावातली एक जमीन शिल्लक ठेवली नव्हती. गोठे खणले, कबुतरखाने खणले, शेवटी घरं खणली. जॉबच्या घरात तेव्हा त्याची बायको ॲव्हिस बाळंतीण होती. मूल तिसऱ्या दिवशी गेलं होतं आणि ती तापाने पडली होती. स्पिंकच्या माणसांनी तिच्यासकट खाट उचलली, भिंतीला लावली आणि खालची माती खणली.

“राजाला माझ्या खाटेखालची माती कशाला लागते?” ॲव्हिस तापातच ओरडली होती. मग हाताला लागलं ते घमेलं तिने फेकलं.

“तू राजाचा माणूस होतास,” जॉब म्हणाला.

“होतो. आता पार्लमेंटचा आहे. माती तीच आहे, जॉब.”

“आम्ही तुझ्याविरुद्ध अर्ज केला होता. एक्केचाळीस जणांनी. याच पार्लमेंटकडे.”

“माहीत आहे. मला वाचून दाखवला ना त्यांनी. फार चांगला लिहिला होता. माझ्याबद्दल इतकं लांबलचक आजवर कुणी लिहिलं नव्हतं.”

“मग?”

“मग काय? राजाची दारू अन्यायाची होती. ही न्यायाची आहे. उडते दोन्ही सारखीच.”

जॉबला वाटलं, आत्ता हातातली दुधाची बादली याच्या डोक्यावर रिकामी करावी. पण दूध वाया गेलं असतं.

त्या अर्जासाठी ॲव्हिस दोन आठवडे दारोदार फिरली होती. राजाने अकरा वर्षं पार्लमेंट बोलावलंच नव्हतं. ते अखेर बसलं, तेव्हा गावात सगळ्यांत जास्त आनंद तिला झाला. “आता बघ,” ती म्हणायची, “पार्लमेंट बसलं की सगळं नीट होतं.” पाद्रीबाबांनी मजकूर लिहिला, ॲव्हिसने सह्या गोळा केल्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी खुणा केल्या. जॉबने दाताळं काढलं होतं. अर्ज लंडनला गेला आणि नंतर स्पिंक पुन्हा आला नाही. त्याचं काय ते कारण कुणी कळवलं नाही, पण ॲव्हिसने ते श्रेय आपल्याकडे घेतलं आणि जॉबने तिला घेऊ दिलं.

“बरं, ती कुठे आहे?” स्पिंकने घराकडे पाहिलं. “अजून शिव्या देत बाहेर कशी आली नाही?”

“जानेवारीत गेली.”

स्पिंकने टोपी काढली.  मग म्हणाला, “वाईट झालं. नेम चांगला होता तिचा.” त्याने टोपी घातली. “चल, गोठ्यापासून सुरुवात करू.”

“थांब. कागदात काय लिहिलंय ते आधी सांग.”

“सांगतो ना. यात तुमच्या सोयीचं एक नवं कलमच आहे. गोठे, खुराडी, तळघरं, कोठारं, रिकाम्या खोल्या, हे सगळं खणायचं. राहत्या घराला मात्र हात लावायचा नाही. बघ, म्हणजे तुमचा अर्ज अगदीच फुकट गेला नाही.”

इथे जॉबचं चुकलं. त्याला वाटलं, आपल्यालाही कायदा कळतो.

“राहतं घर म्हणजे माणूस जिथे राहतो ते?”

“तेच.”

“मग गोठ्याला हात लावू नकोस. मी गोठ्यात राहतो.” त्याने दार ढकलून दाखवलं. कोपऱ्यात गवतावर त्याचं अंथरूण होतं, खुंटीला कोट होता, फळीवर अर्धी बार्लीची भाकरी आणि चीजचा तुकडा होता. “जानेवारीपासून इथेच झोपतो. विचार कुणालाही.”

स्पिंकने अंथरूण पाहिलं, कोट पाहिला. मग हळूच वळून त्याने अंगणापलीकडच्या घराकडे पाहिलं. दार उघडंच होतं. उंबऱ्यावर एक कोंबडी उभी होती.

“आणि तिथे कोण राहतं?” त्याने विचारलं.

जॉबला आपली चूक तेव्हा कळली.

घरात कुणीच राहत नव्हतं. ॲव्हिसला पुरून आल्यावर जॉबने आठवडाभर घरात झोपून पाहिलं. जमेना. गोठ्यात निदान गाईचा श्वास तरी ऐकू यायचा. चूल त्याने पुन्हा पेटवली नाही. दार लावायला विसरायचा, मग कोंबड्या आत शिरल्या, आणि त्यांना हाकलायचा त्याला कंटाळा आला. नंतर पेंढ्या भिजायला लागल्या म्हणून त्याही आत रचल्या.

स्पिंक आत गेला. त्याने चुलीतल्या राखेत बोट घातलं. थंडगार. खाटेवर पेंढ्या, टेबलावर कोंबडीची पिसं. तो गुडघ्यावर बसला, नखाने जमीन उकरली आणि कण जिभेवर ठेवून डोळे मिटले. सोरेवाले असंच करतात. त्यांची जीभ म्हणजे त्यांचा तराजू.

“आहाहा,” तो म्हणाला. “यात काय घातलंय?”

 ती जमीन ॲव्हिसने केली होती. बाळंतपणातून उठल्यावर तिने स्पिंकचे खड्डे पाहिले आणि सगळी खोली स्वतः उकरून काढली. चिकणमाती, बारीक केलेला पेंढा, लोहाराकडची राख, खाटकाकडून दोन बादल्या बैलाचं रक्त. अख्खा मे महिना ती धुमसाने चोपत होती. जॉब मदतीला गेला की म्हणायची, “तू सर. तुझ्या हाताने उंचसखल होतं.” जमीन अशी गुळगुळीत झाली की बायका पाहायला यायच्या. दर शनिवारी ती चुलीभोवती खडूने वेटोळ्यांची किनार काढायची. ती किनार आता कोंबड्यांनी विस्कटली होती, पण एका कोपऱ्यात, पेंढ्यांच्या आड, तीन वेटोळी अजून शाबूत होती. जॉबला ती कुठे आहेत ते न बघता सांगता आलं असतं.

“हे घर आहे,” तो म्हणाला.

“होतं. चूल विझलेली, माणूस दुसरीकडे झोपतो, आत कोंबड्या आणि पेंढ्या. हे कोठार आहे, जॉब. तूच सांगितलंस.” स्पिंक उठला. “आज गाडी सोडतो. उद्या सकाळी कॉन्स्टेबलला घेऊन येतो, सगळं रीतसर व्हायला हवं. जिथे चूल पेटते आणि माणूस झोपतो ते घर, बाकीचं सगळं माझं.”

जॉब तडक कॉन्स्टेबलकडे गेला. लँबर्ट फिस्क त्या वर्षीचा कॉन्स्टेबल होता, कारण त्या वर्षी त्याच्या घराची पाळी होती. या कामाची हौस कुणालाच नसे, लँबर्टला तर नव्हतीच. तो अंगणात डुकराच्या पाठीवरच्या खरजेला डांबर लावत होता.

“मला माहीत आहे,” जॉबने तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला. “इथे आला होता. कागद दाखवून गेला.”

“मग तू काय म्हणालास?”

“मी काय म्हणणार? दोन वर्षांपूर्वी राजाचा कागद आला, माणसं पाठवा. दुसऱ्या दिवशी पार्लमेंटचा आला, माणसं पाठवा. त्यात लिहिलेलं काय, तर राजाच्या रक्षणासाठी राजाशी लढा! तेव्हाचा कॉन्स्टेबल दोन्ही कागद वाचून आजारी पडला, तो अजून उठला नाही. मी कागद वाचत नाही, जॉब. मी फक्त हो म्हणतो.”

“ती ॲव्हिसची जमीन आहे, लँबर्ट.”

“मला कळत नाही का? माझ्या बायकोनेही खूण केली होती त्या अर्जावर.”

“ज्या पार्लमेंटने त्याला घालवला तेच त्याला आणतं. मग हे दोघे भांडतायत कशासाठी? एकाने खणलं काय, दुसऱ्याने खणलं काय!”

“हळू बोल. डुक्कर बिचकतं.” लँबर्टने ब्रश खाली ठेवला. “तुला गोठ्यात झोपतो हे सांगायला कुणी सांगितलं होतं? गोठा जाऊ द्यायचा. गोठ्याच्या जमिनीला काय झालंय?”

“गाईची गैरसोय झाली असती.”

“गाईची!” लँबर्टने आभाळाकडे पाहिलं. “बाबा रे, तुझ्यापुढे राजाही बरा. हे बघ, मी उद्या येईन. कागदात आहे ते मला पाहावं लागेल. चूल आणि अंथरूण. मला जे दिसेल ते मी सांगेन. मला काय दिसेल ते तू बघ.”

हे समजायला जॉबला घरापर्यंतचा अर्धा रस्ता लागला.

घरी येऊन त्याने आधी कोंबड्या हाकलल्या. त्या एका दाराने बाहेर जात आणि वळून पुन्हा आत येत, कारण तीन महिन्यांत त्यांनाही ते आपलं घर वाटायला लागलं होतं. त्याने शिव्या दिल्या. राजाला दिल्या, पार्लमेंटला दिल्या, स्पिंकला दिल्या, शेवटी ॲव्हिसलाही एक दिली, की तू अर्ज केलास त्यापेक्षा घमेलं जरा जोरात फेकलं असतंस तर हे मिटलं असतं. पेंढ्या गोठ्यात नेल्या. अंथरूण घरात आणलं. टेबल घासलं.

राहिली चूल. चुलीत राख होती ती ॲव्हिसच्या शेवटच्या दिवसाची. तिला थंडी वाजत होती म्हणून त्याने घरातलं होतं नव्हतं तेवढं लाकूड घातलं होतं. ती राख त्याने काढलीच नव्हती. काढायची का नाही असं काही ठरवलं नव्हतं, काढली नव्हती एवढंच. तो फावडं घेऊन बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “आता तो शेंबड्या येऊन ही सोऱ्यात घालेल, त्यापेक्षा,” आणि राख बादलीत भरून मागच्या कोबीच्या वाफ्यात नेऊन टाकली. ॲव्हिसही तिथेच टाकायची.

चकमक ओली झाली होती. तो शेजारच्या मार्जरीमावशीकडे निखारा मागायला गेला. मार्जरी सत्तरीची, विधवा, गावातल्या प्रत्येकाची आई असल्यासारखी बोलणारी.

“निखारा?” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. “तीन महिने तुझ्या दारात येऊन कंठशोष केला, चूल पेटव, चूल पेटव. माझं नाही ऐकलंस. आणि त्या सोरेवाल्याने सांगितल्यावर पेटवतोस?”

“तो खणणार आहे, मावशी.”

“खणू दे! मीच आधी खणायला हवं होतं, म्हणजे तेव्हाच पेटवली असतीस.” पण तिने निखारा मडक्यात घालून दिला, आणि वर वाटीभर सुके वाटाणे आणि डुकराच्या मांसाचं हाड दिलं. “नुसता धूर काढू नकोस. त्यावर काहीतरी शिजव. रिकामी चूल त्या लबाडाला लगेच ओळखू येईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पिंक आला तेव्हा धुराड्यातून धूर निघत होता. बरोबर लँबर्ट होता आणि कुदळी घेतलेले दोन मजूर. स्पिंक दारात थांबला. कोंबड्या नव्हत्या, खाटेवर अंथरूण होतं, चुलीवर वाटाण्याचं कढण रटरटत होतं. जॉब टेबलाशी बसला होता. त्याचे डोळे लाल होते. रात्री तो खाटेवर झोपला होता, तिच्या बाजूला नाही, आपल्याच बाजूला, आणि फारशी झोप लागली नव्हती.

“हे नाटक आहे,” स्पिंक म्हणाला.

“न्याहारी आहे,” जॉब म्हणाला.

“काल इथे कोंबड्या होत्या! कॉन्स्टेबल, मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात. चूल थंड होती. हा माणूस गोठ्यात झोपतो, त्याने स्वतः सांगितलंय.”

“गोठ्यात झोपतोस का रे, जॉब?” लँबर्टने विचारलं.

“गाय आजारी होती.”

“तीन महिने?” स्पिंक किंचाळला.

“फार आजारी होती.”

मजुरांपैकी एक हसला. स्पिंकने त्याच्याकडे पाहिलं तसा तो कुदळीकडे बघायला लागला. स्पिंकने कागद उघडला आणि लँबर्टच्या नाकासमोर धरला. “इथे लिहिलंय, रिकामी खोली. हुकूम निघाला तेव्हा ही खोली रिकामी होती. एका दिवसाची चूल घर करत नाही. मी इप्सिचला लढाईचं काम बघणाऱ्या कमिटीला लिहीन, की कॉन्स्टेबल फिस्क पार्लमेंटच्या कामात आडवा येतो. दारू कमी पडली तर मी तुझं नाव सांगेन.”

लँबर्टचा चेहरा पडला. त्याला बायको होती, डुकरं होती आणि तो शूर माणूस नव्हता. त्याने कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. जॉबने पाहिलं, तो आता हो म्हणणार. जॉबची नजर आपोआप त्या कोपऱ्याकडे गेली. पेंढ्या हलवल्यावर तीन वेटोळी उघडी पडली होती. मजुराचा बूट तिथून हातभर अंतरावर होता.

“पाय मागे घे,” जॉब म्हणाला.

इतक्या हळू म्हणाला की मजुराने निमूट पाय मागे घेतला. सगळ्यांनीच तिकडे पाहिलं. लँबर्टनेही पाहिलं. ती किनार त्याने दर रविवारी प्रार्थनेनंतर पाहिली होती, कारण तो इथेच चीज खायला बसायचा आणि ॲव्हिस त्याला म्हणायची, “लँबर्ट, बूट बाहेर.”

लँबर्टने कागद घडी करून टेबलावर ठेवला. मग तो दाराकडे गेला. स्पिंकला वाटलं, चालला. पण त्याने वाकून बूट काढले, बाहेर ठेवले, परत येऊन बाकावर बसला आणि म्हणाला, “वाढ रे. भूक लागलीय.”

जॉबने कढण वाढलं. लँबर्ट खात राहिला. हाडावरचं मांससुद्धा त्याने ओढून खाल्लं.

“मीठ कमी आहे,” तो शेवटी म्हणाला. “लिही कमिटीला, स्पिंक. लिही की कॉन्स्टेबलने त्या घरात बसून जेवण केलं, आणि मीठ कमी होतं. कॉन्स्टेबल कोठारात जेवत नाही. गोठा खण.”

स्पिंकने नाक पुसलं. त्याला राग आला होता, पण गाव खणायचं होतं, त्यासाठी गावाच्या गाड्या आणि गावचा कॉन्स्टेबल लागणार होता. हे राजाच्या वेळीही तसंच होतं. “गोठा तर खणतोच,” तो म्हणाला. “पण मी तीन आठवडे या गावात आहे, जॉब थर्टल. कढई समोरच्या मैदानात मांडणार आहे. मला तुझं धुराडं दिसतं. एक दिवस, फक्त एक दिवस धूर दिसला नाही, तर मी कुणाला विचारणार नाही.”

त्याने गोठा खणला. कमरेएवढा. गाय अंगणात बांधली ती सारखी हंबरत होती, आणि पिंपं वाहायला जॉबचीच गाडी नेली. जॉबची चिडचिड दिवसभर चालू असायची. पहाटे उठून आधी चूल पेटवावी लागायची, मग पेटवलीच आहे तर काहीतरी शिजवावं लागायचं, मग भांडी घासावी लागायची. शनिवारी त्याने खडू शोधला. एक वेटोळं काढायचा प्रयत्न केला. ते बटाट्यासारखं झालं. त्याने पुसलं, पुन्हा काढलं, ते त्याहून वाईट झालं, तेव्हा तसंच ठेवलं. तिच्या तिन्हींना हात लावला नाही.

तीन आठवड्यांनी स्पिंक निघाला तेव्हा पिंपं भरली होती आणि चाक कुईकुई करत होतं. तो जॉबच्या दारात आला. जॉब चुलीपाशी होता.

“चाललो,” स्पिंक म्हणाला. “आता धूर नाही दिसला तरी चालेल.”

“मला माहीत आहे तू आज जाणार ते.”

“मग कशाला पेटवलीस?”

जॉबने कढण जोरात ढवळलं. “गोठ्यात तू खड्डा करून ठेवलायस. झोपू कुठे?”

स्पिंक मान हलवून हसला. उंबऱ्याजवळ घुटमळला. कढणाचा वास येत होता. “राजा जिंकला तर मी पुन्हा येईन बहुतेक,” तो म्हणाला. “वेगळा कागद घेऊन. पार्लमेंट जिंकलं तरी येईन. मला कामावरून कोणीच काढत नाही, जॉब. मलाच कंटाळा आलाय.”

“ये,” जॉब म्हणाला आणि त्याने वाटी पुढे केली. “पण आधी बूट बाहेर काढ.”